नवा बॉल घ्यायचा की नाही? ओव्हल टेस्टची डायरी

३१ जुलै २०२५, गुरुवार

लंडनला भारत-इंग्लंडची पाचवी टेस्ट बघायला गेलो आणि निम्मी मॅच ग्राउंडवर बघितली, निम्मी स्टँडमधल्या वादावादीत ऐकली असं म्हटलं तरी चालेल. मामा हॅरोला राहतो, ऐंशीच्या दशकात इकडे आला तो इकडचाच झाला, पण क्रिकेटचा विषय निघाला की अजून गिरगावातच असतो. तिकिटं त्यानेच काढून ठेवली होती, दुसरा दिवस सोडून बाकी सगळी. पाचव्या दिवसाचीसुद्धा. मामेभाऊ म्हणाला बाबा आजकाल पाचवा दिवस येतो कुठे, हे इंग्लंडवाले तीन दिवसात तरी जिंकतात नाहीतर तीन दिवसात हरतात. मामा काही बोलला नाही, नुसतं "ओव्हल आहे" एवढंच म्हणाला.

हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनने किंग्ज क्रॉस, तिथून व्हिक्टोरिया लाइनने व्हॉक्सहॉल, आणि मग गर्दीबरोबर चालत सुटायचं, रस्ता विचारायची गरजच नाही कारण पुढे-मागे निळे शर्ट आणि ढोल. जुन्या गॅसच्या टाकीचा तो गोल लोखंडी सांगाडा लहानपणापासून टीव्हीवर बघितलेला, तो समोर दिसल्यावर पोटात कायतरी झालं. सांगाडा तसाच ठेवून आता तिथे फ्लॅट झालेत.

सिरीज २-१ ने इंग्लंडकडे. वर ढग, खाली हिरवं पिच, आणि आपला कॅप्टन गिल पाचव्यांदा टॉस हरला. त्यांचा कॅप्टन स्टोक्स खांद्याच्या दुखापतीमुळे नाही म्हणून पोप कॅप्टन, त्याने लगेच बॉलिंग घेतली. आपल्याकडे बुमराला विश्रांती, पंतचा पाय मोडलेला. आणि स्पिनर कुलदीप परत बाहेर! आमच्या मागच्या रांगेत नागपूरची दोन पोरं होती, इथेच कुठेतरी नोकरीला, त्यातला एक टीम ऐकल्या ऐकल्या उठूनच उभा राह्यला, "काऊन बे, पूर्ण सिरीज झाली, कुलदीपले फिरायलेच आणलं का?" दुसरा म्हणे, "अबे पण करुण आहे ना." करुण नायर विदर्भाकडून खेळला आणि त्या सिझनला विदर्भाने रणजी जिंकली, त्यामुळे तो कर्नाटकाचा असला तरी या दोघांचा घरचा माणूस.

आणि पहिल्या दिवशी खेळला पण तोच. पाऊस येत जात होता, गिल नको तो रन चोरायला जाऊन रनआउट झाला (सगळा स्टँड एकदम "नोऽऽ" ओरडला, त्यात मामाचा आवाज "अरे गाढवा" असा वेगळा ऐकू आला), सहा गेले, तरी नायर ५२ वर नाबाद. २०१६ ला चेन्नईत ३०३ केल्यानंतर त्याची ही पहिली फिफ्टी. नागपूरकरांनी आम्हाला चिप्स वाटले.

एक गोष्ट त्या दिवशी फार मोठी वाटली नाही ती म्हणजे इंग्लंडचा बॉलर वोक्स. नायरने मारलेला बॉल अडवायला बाउंड्रीवर झेपावला आणि डाव्या खांद्यावर पडला, फिजिओने हात स्वेटरमध्ये गुंडाळून नेला. मामेभाऊ म्हणाला एक बॉलर कमी झाला, बरं झालं. मामाने त्याला झापलं, असं बोलू नये म्हणून. मग दोन मिनिटांनी स्वतःच हळूच म्हणाला, "बॅटिंगला पण नाही येणार बहुतेक."

२०४ वर ६, खेळ संपला.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज तिकीट नव्हतं म्हणून मामीने मला वेस्टमिन्स्टर, बिग बेन वगैरे दाखवायला नेलं. बिग बेन बघितलं. म्हणजे वर बघितलं, फोटो काढला आणि परत मोबाईलमध्ये तोंड. २१८ वर सातवी विकेट गेली ती आम्ही पुलावर असताना, आणि आइस्क्रीम घेऊन होईपर्यंत २२४ ऑलआउट. शेवटच्या चार विकेट सहा रनमध्ये! मग क्रॉली आणि डकेट नुसते सुटलेच, ९२ ची ओपनिंग, वनडे चालू असल्यासारखी. मामी म्हणाली ठेव तो फोन आता, थेम्स बघ. थेम्स बघितली.

दुपारनंतर सिराज आणि प्रसिद्ध कृष्णाने चार-चार काढल्या आणि ते २४७ वर संपले, वोक्स आलाच नाही बॅटिंगला. लीड फक्त २३. संध्याकाळी आपले ७५ वर २, जैस्वाल ५१, आणि चांगला बॅटर सकाळसाठी राखायला नाइट वॉचमन म्हणून बॉलर आकाश दीप. इंग्लंडने कॅच पण सोडले. रात्री जेवताना मामा एवढा खुश की त्याने भात दोनदा घेतला.

२ ऑगस्ट, शनिवार

नाइट वॉचमनवर सकाळी ट्रेनमध्येच वाद. मामेभावाचं म्हणणं हा प्रकारच बंद करायला हवा, चांगल्या बॅटरला वाचवायला वाईट बॅटरला पाठवायचं यात काय लॉजिक आहे, उलट एक विकेट फुकट. मामाचं म्हणणं की नाइट वॉचमन सकाळी अर्धा तास टिकला तरी पैसे वसूल. आकाश दीप अर्धा तास सोडाच, ६६ करून गेला! जैस्वालबरोबर शंभरच्या वर पार्टनरशिप. फिफ्टी झाली तेव्हा बाल्कनीत जडेजा त्याला हेल्मेट काढ म्हणून खुणावत होता आणि हा आपला लाजत होता.

रोहित शर्मा पण आला होता ग्राउंडवर आज. स्क्रीनवर दिसला आणि असा काही आवाज झाला की वाटलं वानखेडेला बसलोय. जैस्वालचं शतक, ११८. मग जडेजा ५३. इंग्लंडच्या फास्ट बॉलर्सची हालत बघवत नव्हती, वोक्स नसल्याने तिघंच, स्पिनर खेळवलेला नाही, बेथेल आणि रूटवर भागवायचं. शेजारी एक म्हातारे इंग्लिश गृहस्थ, सरेची, म्हणजे ओव्हलच्याच काउंटी टीमची टोपी, मांडीवर कागदी स्कोअरकार्ड आणि पेन्सिल, ते दर ओव्हरला मान हलवायचे. म्हणाले, ओव्हलवर स्पिनर बाहेर ठेवतात का कोणी. मी म्हटलं आमच्याकडे पण तोच तंटा चालू आहे, फक्त नाव वेगळं.

पण माझ्या मते या दिवसाची खरी गोष्ट म्हणजे शेवटची विकेट. वॉशिंग्टन सुंदर आणि प्रसिद्ध. सुंदरने ठोकायला सुरुवात केली, एकामागून एक सिक्स, ४६ बॉलमध्ये ५३, शेवटच्या विकेटला ३९ रन आणि त्यात प्रसिद्धचा एकही नाही. तेव्हा सगळे नाचत होते मजा म्हणून. त्या ३९ ची किंमत सोमवारी कळली.

३९६. टार्गेट ३७४.

पुरे का? इथून जे सुरू झालं ते दोन दिवस थांबलं नाही. सरेवाल्या आजोबांनी सांगितलं की ओव्हलवर चौथ्या इनिंगमध्ये सगळ्यात जास्त जिंकून दिलेला स्कोअर २६३, आणि तोही १९०२ सालचा, एक विकेट राखून. मामेभाऊ म्हणे पण आजोबा, याच सिरीजमध्ये लीड्सला तुम्ही ३७१ केलेत ना आमच्याविरुद्ध, आणि २०२२ ला एजबॅस्टनला ३७८. आजोबा हसले फक्त. मामाचं मत ४०० पाहिजे होते. मागची पोरं म्हणे २०० लेच जातात पाहा.

मग मामाने १९७९ काढलं. मला माहीत होतंच की निघणार. याच ग्राउंडवर भारताला ४३८ हवे होते, चौथ्या दिवशी ७६ वर शून्य, पाचव्या दिवशी गावसकर आणि चेतन चौहानने २१३ ची ओपनिंग दिली, मग गावसकर आणि वेंगसरकर, ३६६ वर एकच विकेट! आणि तिथून ४२९ वर ८, ड्रॉ. नऊ रन कमी. गावसकर २२१. मामा तेव्हा चाळीत रेडिओला कान लावून बसलेला. "३६६ ला वेंगसरकर गेला आणि कपिलला पाठवला वर," मामा म्हणतो, "शून्यावर आला परत. विश्वनाथ बसलाय आत पॅड बांधून आणि तुम्ही कपिलला पाठवताय." शेहेचाळीस वर्षं झाली, अजून तेवढ्याच रागाने सांगतो.

मी म्हटलं मामा, फटाफट रन पाहिजे होते तर कपिलला पाठवणं चूक कसं? तर म्हणाला चूक कपिल नव्हता रे, चूक ही की एवढ्या मोठ्या पार्टनरशिपनंतर जो आत जातो तो थंड असतो, त्याला पिच माहीत नाही, बॉल काय करतोय माहीत नाही, आणि बाहेरच्या सगळ्यांना वाटत असतं आता काय, झालंच. "चेस हा सेट बॅटर हरवत नाही. त्याच्यानंतर येणारा हरवतो." लिहून ठेव म्हणाला. म्हणून लिहिलं.

दिवसाच्या शेवटी इंग्लंड ५० वर शून्य आणि आम्ही पिशव्या आवरतोय. सिराजने डीप स्क्वेअर लेगला एक फिल्डर मागे पाठवला, मामेभाऊ म्हणाला बाउन्सर येणार, सगळ्यांना वाटलं बाउन्सर येणार, क्रॉलीला पण तेच वाटलं असणार, आणि सिराजने घातला यॉर्कर. बोल्ड. तिथेच स्टंप्स. मागच्या नागपूरकराने माझ्या पाठीवर एवढ्या जोरात मारलं की चष्मा पडला.

३ ऑगस्ट, रविवार

मामीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आज. आजोबांना दिली थोडी, त्यांनी चटणी नुसतीच चमच्याने खाल्ली आणि बराच वेळ गप्प बसले.

सकाळ आपली. डकेट ५४ वर प्रसिद्धला, पोप सिराजला एलबीडब्ल्यू, १०६ वर ३. रूट आणि ब्रूक. इथे खरं डोकं लावायची वेळ होती, कारण ब्रूक पहिल्या बॉलपासून पुढे येऊन मारत होता, आणि प्रश्न असा की अशा माणसाला फिल्ड कसं लावायचं. मामेभावाचं म्हणणं स्लिप तीन ठेवा, मारू दे, एक ना एक उडेलच. मामाचं म्हणणं की बाउंड्रीवर माणसं ठेवून सिंगल द्या आणि रूटला बॉलिंग करा. गिलने मधलंच काहीतरी केलं, एक स्लिप, एक डीप पॉइंट, लेगला मागे दोघं, म्हणजे दोन्हीकडून रन जात होते. कॅप्टनने कुठलीही एक बाजू पक्की धरावी असं मला तेव्हा वाटत होतं आणि अजून वाटतं.

ब्रूक १९ वर असताना प्रसिद्धला वर मारला. फाइन लेगला सिराज. बॉल थेट हातात. प्रसिद्धने हात वर केले, आम्ही उभे, मामा उडी मारायच्या बेतात, आणि सिराजचा पाय मागे गेला तो दोरीला लागला. सिक्स. कॅच पकडून सिक्स दिला. सिराजने तोंडावर हात धरले आणि आमच्या ब्लॉकमध्ये कोणी बोलेना. सरेचे आजोबा तेवढे स्कोअरकार्डवर काहीतरी लिहीत होते.

त्यानंतर लंच ते टी म्हणजे नुसता मार. ब्रूक ९८ बॉलमध्ये १११. पार्टनरशिप १९५. मागचे दोघं, "जड्डूले दे, जड्डूले दे", दिला जड्डूला, काही झालं नाही, सुंदरला दिला, तेही नाही, दोघांना चार-चार ओव्हर मिळाल्या आख्ख्या इनिंगमध्ये. मग "पाहा, कुलदीप असता तर". मामेभाऊ वैतागून वळला आणि म्हणाला अहो ज्या पिचवर जडेजाला काही मिळत नाही तिथे कुलदीपला काय मिळणार? तर तो म्हणे, "जड्डू बोटानं टाकते, कुलदीप मनगटानं, फरक आहे ना भाऊ." यात दम आहे. मनगटाने फिरवणारा बॉलर थंड पिचवर पण बॉलला उसळी देतो. पण टीममध्ये नसलेल्या माणसावर किती वेळ भांडणार, तरी आम्ही पाऊण तास भांडलो.

३०१ ला ब्रूक आकाश दीपला मारायला गेला, बॅट हातातून सुटून एकीकडे, बॉल दुसरीकडे वर, खाली सिराज. या वेळी दोरी लांब होती. टाळ्या वाजल्या, दोन्ही बाजूंनी, पण इंग्लंडचे लोक निवांत होते. ७३ हवेत, सहा हातात, रूट सेट. बार फुल्ल झाला. आजोबांनी पेन्सिल खिशात ठेवली.

मामाने माझा गुडघा दाबला. "३६६ वर एक," म्हणाला. एवढंच.

आणि खरोखर मी डोळ्याने बघितलं ते. बेथेल आला, एकवीस वर्षांचा पोरगा, सिरीजमधली पहिलीच मॅच. रूट शतक करतोय, टीपर्यंत ३१७ वर ४, ५७ हवेत फक्त. रूटने शतक केलं तेव्हा पांढरी हेडबँड डोक्याला लावून इंग्लंडचा जुना बॅटर, गेल्या वर्षी वारलेल्या ग्रॅहम थॉर्पसाठी आकाशाकडे हात केला, आजोबांचे डोळे भरले, थॉर्प सरेचाच ना. पण बेथेलची बॅट चालेना. ढग आले होते, बॉल सत्तरीच्या पुढचा जुना आणि तरीही असा वळत होता की ब्रूक जो बॉल खेळत होता तोच हा का असा प्रश्न पडावा. इंग्लंडमध्ये वापरतात त्या ड्यूक्स बॉलची शिवण हाताने घातलेली, जाड, जुना झाला तरी उभी राहते, त्यात ढग. ३१ बॉलमध्ये ५ रन आणि मग पुढे येऊन आडवातिडवा फिरवला, बोल्ड. ३३२ वर ५. रूट १०५ वर कीपरला कॅच, ३३७ वर ६. जेमी स्मिथ आणि ओव्हरटन यांना बॅट लावता येईना, प्रत्येक बॉलला ग्राउंड ओरडतंय, सिराज थकलाय की नाही कळायला मार्ग नाही, तो दर बॉलला तसाच पळत येतोय.

आणि अंपायरनी लाइट मीटर काढला.

शिव्या! दोन्हीकडच्या! मग पाऊस, मग परत थोडं ऊन पण खेळ नाही. ३३९ वर ६. त्यांना ३५ हव्यात, आपल्याला चार विकेट, त्यातला एक खांदा निखळलेला. मामेभाऊ म्हणे आज अजून अर्धा तास मिळता तर संपलं होतं, ढग होते, ते घाबरले होते. मामा म्हणे उलट, सिराज-प्रसिद्ध मेले होते थकून, रात्रीची झोप त्यांना सोन्याची. मला मामाचं पटलं, पण मामेभावाला सांगितलं नाही.

रात्री घरी जेवणाच्या टेबलावर मुख्य मुद्दा. ७६.२ ओव्हर झाल्यात. ८० झाल्या की नवीन बॉल मिळतो, म्हणजे सकाळी ३.४ ओव्हर जुन्या बॉलने टाकायच्या आणि मग घ्यायचा का? नियम असा की ८० नंतर कधीही घेता येतो, घ्यायलाच पाहिजे असं नाही. मामेभाऊ घ्याच म्हणणारा, नवीन बॉल टणक, उसळतो, खालच्या फळीला बाउन्स नको असतो. मामाचा मुद्दा साधा, नवीन बॉल टणक म्हणजे कडेला लागला तरी चार. ३५ च हवेत, दोन कट आणि एक एज गेली की वीस राहिले. जुना वळतोय तर वळू द्या. मग रोलर निघाला, बॅटिंगवाला कॅप्टन सकाळी सात मिनिटं रोलर मागू शकतो, जड रोलर फिरवला तर पहिला अर्धा तास पिच झोपतं, म्हणजे त्या अर्ध्या तासात जुना बॉल वाया आणि नंतर नवा घेतला तर तो उपयोगी, असं मामेभावाचं गणित. मामी आली आणि म्हणाली उद्या ऑफिसला सुट्टी टाकली आहेस का ते आधी सांग. टाकली नव्हती. तिथेच बसून टाकली.

४ ऑगस्ट, सोमवार

व्हॉक्सहॉलला उतरलो तर गर्दी रविवारपेक्षा जास्त. तासाभराचा खेळ, फार तर दोन, पण ग्राउंड भरलेलं. ढग होते. मामाने वर बघितलं आणि काही बोलला नाही पण चालायचा वेग वाढला त्याचा.

प्रसिद्धची राहिलेली ओव्हर. पहिला बॉल, ओव्हरटनने पुल केला, चार. दुसरा, बॅटची आतली कड, फाइन लेगला चार. दोन बॉलमध्ये आठ गेले, हव्यात २७. मागचे नागपूरकर एकदम शांत, त्यातला एक डोकं खाली घालून बसला, "मले नाही पाहाचं, तू सांग."

सिराज आला. स्मिथला दोन बाहेर गेले, तिसऱ्याला कड, कीपर जुरेलच्या हातात. ३४७ वर ७. ओव्हरटन एलबीडब्ल्यू, रिव्ह्यू घेतला, अंपायर्स कॉल म्हणजे अंपायरचाच निर्णय कायम, गेला. ३५४ वर ८. आणि ८० ओव्हर झाल्या. स्टँडमध्ये एकच कल्ला, "बॉल बदल! बॉल बदल!" विरुद्ध "राहू दे रे!" मामेभाऊ आणि मागचा नागपूरकर पहिल्यांदाच एका बाजूला, मामा आणि मी दुसऱ्या. अंपायर डबा घेऊन येतायत का बघत होतो. नाही आले. गिलने घेतलाच नाही. सिराजने तोच खरबडलेला बॉल पँटला घासला आणि मामा म्हणाला "शाब्बास". मामेभाऊ म्हणाला बघ हं, आता एक सेट झाला तर हाच निर्णय आयुष्यभर ऐकावा लागेल गिलला. खरं होतं ते. अशा वेळी निर्णय बरोबर की चूक हे निकालावरून ठरवतात लोक, पण मला विचाराल तर निकाल काहीही लागला असता तरी तो निर्णय बरोबर होता, कारण जो बॉल बॅटला चुकवतोय तो बदलायचा नसतो.

टंगला एकदा आउट दिला, रिव्ह्यूवर वाचला, मग प्रसिद्धने उडवला, बोल्ड, शून्य. ३५७ वर ९. १७ हव्यात.

आणि पॅव्हेलियनमधून वोक्स. डावा हात स्वेटरच्या आत स्लिंगमध्ये बांधलेला, बॅट उजव्या हातात. सगळं ग्राउंड उभं राहिलं, आम्ही पण. आजोबा टाळ्या वाजवत होते आणि पुटपुटत होते. रनर मिळत नाही आता, आयसीसीने २०११ पासून बंदच केलं ते, म्हणजे पळायचं त्यालाच, प्रत्येक रनला चेहरा वाकडा होत होता त्याचा.

आता नवीन वाद. ॲटकिन्सन स्ट्राइकवर. त्याला सिंगल द्यायचा की अडवायचा? मामेभाऊ म्हणे सगळे बाउंड्रीवर पाठवा, सिंगल घेऊ दे, वोक्स स्ट्राइकवर आला की एका हाताने काय खेळणार. मामा म्हणे अरे तो ओव्हरच्या मध्ये सिंगल घेणारच नाही, शेवटच्या बॉलला घेणार, तो वेडा आहे का? म्हणजे पाच बॉल लांब फिल्ड, सहाव्याला सगळे आत. गिलने जवळपास तसंच केलं. पण सिराजला त्याने उचलला, आकाश दीप दोरीजवळ, हात लागला आणि बॉल पलीकडे. सिक्स! ११ हव्यात. मामाने डोळे मिटले. मग ओव्हरचा शेवटचा बॉल, ॲटकिन्सन चुकला, बाय पळाले, जुरेलने खालून फेकलेला थ्रो स्टंपला लागला नाही. लागला असता तर तिथेच खलास होतं. नंतर सिराजने सांगितलं की त्याने आधीच गिलला म्हटलं होतं जुरेलला ग्लोव्ह काढायला सांग, पण निरोप वेळेत पोचला नाही. म्हणजे आत पण आमच्यासारखाच गोंधळ चालू होता तर!

प्रसिद्धच्या ओव्हरमध्ये दोन, मग शेवटी एक, स्ट्राइक परत ॲटकिन्सनकडे. ३६७. सात हव्यात, एक सिक्स बसला तर टाय. सिराज, तिसावी ओव्हर संपवून एकतिसावी टाकायला. मामा म्हणाला यॉर्कर टाक. मामेभाऊ म्हणाला नको, स्लोअर टाक, तो फिरवणारच आहे. मागून, "बाउन्सर टाक बे!" तिघांचं बोलून व्हायच्या आत ऑफ स्टंप उडालेला होता.

यॉर्कर होता. सहा रनने जिंकलो. रनांच्या हिशेबात भारताचा टेस्टमधला सगळ्यात कमी फरकाचा विजय, सिरीज २-२. सिराज पाच, सिरीजमध्ये २३, पाचही टेस्ट खेळून. पुढचं दहा मिनिटं मला नीट आठवत नाही, कोणीतरी ढोल वाजवत होतं, नागपूरकर मामाला उचलायचा प्रयत्न करत होते आणि मामा "अरे कंबर, कंबर" ओरडत होता. आजोबांनी आमच्या तिघांशी हात मिळवला आणि मामाला म्हणाले, १९७९ ला मी इथेच होतो, तुम्ही जिंकायला हवं होतं. मामा त्यांच्याकडे बघतच राहिला. मग दोघं खाली बसले आणि कपिलला वर पाठवणं बरोबर होतं का यावर सुरू झाले. आजोबांचं म्हणणं बरोबर होतं. मामाचं तोंड बघण्यासारखं झालं.

स्टुअर्ड लोक येऊन सांगून गेले की स्टँड रिकामा करा. मग गेटपर्यंत वाद. गेटच्या बाहेर फुटपाथवर वाद. आजोबा म्हणत होते कपिल चालला असता तर पंधरा मिनिटांत मॅच संपली असती, विश्वनाथला तेवढे रन करायला वेळ नव्हता, आणि मामा म्हणत होता मग आज बेथेलच्या जागी ओव्हरटनला वर पाठवला असतात का तुम्ही? आजोबा थांबले, विचार केला, आणि म्हणाले हो, पाठवला असता. मामेभाऊ मला म्हणाला आपण पुढे जाऊ, हे येतील मागून.